जड झालेलं कॅड ड्रॉइंग: अडकतंय कुठे, तपासायचं कसं, थांबायचं केव्हा

संगणकावर आराखडे काढायच्या कॅड प्रोग्राममधली फाइल जड झाली की काय होतं, ती लक्षणं आधी बघू. यांतली दोन-तीन एकदम दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

- फाइल उघडायला मिनिटं लागतात, पण उघडल्यावर आत एवढं काही नसतं.
- कर्सर अडखळत सरकतो. रेषेवर क्लिक केल्यावर ती निवडली जायला वेळ लागतो.
- दोन-चार रेषा कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं की प्रोग्राम गोठतो.
- काम चालू असताना ठरावीक वेळाने सगळं थबकतं आणि मग सुटतं. हा बहुतेक वेळा ऑटोसेव्ह असतो. फाइल जड असली की तो जाणवायला लागतो.
- झूम एक्स्टेंट्स (फाइलमधलं सगळं पडद्यावर मावेल असं दाखवणं) केलं की अख्खं ड्रॉइंग ठिपक्याएवढं होऊन कोपऱ्यात जातं.
- अधूनमधून फेटल एरर येतो आणि प्रोग्राम बंद पडतो.
- आज साफ केलेली फाइल काही दिवसांनी पुन्हा तशीच होते.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि मागणी ठरलेली असते: नवं मशीन द्या, रॅम वाढवा. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. कचरा फाइलमध्ये असतो आणि तो दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमधून कॉपी-पेस्टने आलेला असतो. तो मूळ स्रोत सापडेपर्यंत कितीही साफसफाई केली तरी दुखणं परत येतं.

खाली मी ऑटोकॅडमधल्या कमांड देतेय. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची) फाइल वापरणाऱ्या इतर बऱ्याच प्रोग्राममध्येही त्या याच किंवा जवळच्या नावांनी सापडतात. नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कमांड लाइनवर टाइप करताना मध्ये जागा सोडायची नाही.

हात लावण्याआधी

फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. मूळ फाइल बाजूला ठेवायची. पर्जने (वापरात नसलेल्या गोष्टी काढणाऱ्या कमांडने) उडवलेला लेयर (ड्रॉइंगचा एक थर) उद्या कुणीतरी मागतो, तेव्हा मूळ फाइल हाताशी असली म्हणजे प्रश्न मिटतो.

प्रोग्राम नुकताच कोसळला असेल तर टेम्प फोल्डर रिकामं करू नका. मशीन हळू झालं की टेम्प साफ करायचं, ही सवय इथे महागात पडते. ऑटोसेव्हच्या फाइल मूळ सेटिंगनुसार त्याच फोल्डरमध्ये असतात आणि त्यांच्या नावाचा शेवट एसव्ही आणि डॉलरच्या चिन्हाने होतो. ड्रॉइंग नीट बंद झालं की ही फाइल आपोआप पुसली जाते, कोसळलं तर राहते. तिची प्रत काढा, शेवट बदलून डीडब्ल्यूजी करा आणि उघडा. ड्रॉइंगच्या शेजारी असलेल्या बॅक फाइलचंही तसंच. ती आधीच्या सेव्हची प्रत असते. ऑटोसेव्ह मुळात १० मिनिटांवर असतो, त्यामुळे फार काम सहसा जात नाही. ड्रॉइंगरिकव्हरी कमांड दिली की या फाइलींची यादी एका ठिकाणी दिसते. आधी ते बघा, बाकीचं नंतर.

दोष फाइलचा, मशीनचा की नेटवर्कचा?

या तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि हीच टाळून लोक थेट प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला बसतात.

प्रोग्रामबरोबर आलेल्या मूळ टेम्प्लेटवरून कोरं ड्रॉइंग उघडा. ऑफिसचं टेम्प्लेट नको, कारण संशय त्याच्यावरही आहे. चार रेषा काढा, हलवा, कॉपी करा. कर्सर झरझर चालला तर मशीन आणि प्रोग्राम निर्दोष आहेत, फाइलकडे वळा. कोऱ्या ड्रॉइंगमध्येही अडखळलं तर फाइल साफ करत बसू नका, खाली 'कोऱ्या ड्रॉइंगमध्येही अडखळतंय' या भागाकडे जा.

मग अडचणीची फाइल सर्व्हरवरून किंवा क्लाउडच्या फोल्डरमधून स्वतःच्या डिस्कवर आणून उघडा. तिथे ती झटकन उघडली तर गोष्ट नेटवर्कची, सिंक चालू असल्याची किंवा अँटीव्हायरस दर सेव्हला फाइल तपासत असल्याची आहे. ते काम नेटवर्क सांभाळणाऱ्यांचं आहे.

फाइलवर संशय पक्का करायला अजून एक सोपी गोष्ट. मॉडेल स्पेसमध्ये (जिथे प्रत्यक्ष ड्रॉइंग काढतात तिथे) कंट्रोल-ए दाबा आणि प्रॉपर्टीज पॅनलमध्ये वरचा आकडा बघा. फ्रीझ आणि लॉक केलेल्या लेयरवरच्या वस्तू सोडून बाकी सगळ्यांची संख्या तिथे दिसते. समजा आकडा ३००० आहे आणि फाइल ४० एमबीची आहे. मग एवढं वजन त्या रेषांचं असणं अवघड आहे. न दिसणारं काहीतरी आत बसलंय. उलट आकडाच लाखांत असेल तर भूमिती जड आहे आणि उपाय वेगळा आहे.

बाहेर गेलेल्या वाटा

उघडतानाच वेळ लागतो आणि एकदा उघडल्यावर काम बरं चालतं, असं असेल तर आधी इथे बघा.

एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेल्या बाहेरच्या फाइली) पॅनल उघडा. ज्यांच्यापुढे 'नॉट फाउंड' लिहिलंय ते संशयित. जुन्या सर्व्हरचा पत्ता ड्रॉइंगमध्ये राहिलेला असतो, तो सर्व्हर बंद होऊन जमाना झालेला असतो, आणि प्रोग्राम दर वेळी त्याचं दार वाजवून उत्तराची वाट बघत बसतो. गरज नसलेले एक्सरेफ डिटॅच करा. नुसतं अनलोड केलं तर नोंद मागे राहते. हरवलेल्या इमेज आणि पीडीएफ याच यादीत दिसतात, त्यांनाही तोच न्याय. एक्सरेफच्या आत एक्सरेफ, त्याच्या आत आणखी एक, अशी माळ असेल तर अटॅचऐवजी ओव्हरले वापरा. ओव्हरले केलेला एक्सरेफ पुढच्या फाइलमध्ये सोबत ओढला जात नाही, त्यामुळे माळ तिथेच तुटते.

दुसरी वाट प्रिंटरची, आणि ती पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. लेआउटच्या (छापायच्या पानाच्या) पेज सेटअपमध्ये आता अस्तित्वात नसलेला नेटवर्क प्रिंटर नोंदलेला असतो. लेआउटच्या टॅबवर क्लिक केलं किंवा प्लॉटची खिडकी उघडली की प्रोग्राम त्या प्रिंटरला शोधायला जातो. पेज सेटअपमध्ये प्रिंटरच्या जागी 'नन' करून बघा. ऑप्शन्समधला डिफॉल्ट प्लॉटरही तपासा. तिथेच फाइल्सच्या टॅबमध्ये सपोर्ट फाइलच्या शोधमार्गांत बंद पडलेल्या ड्राइव्हचे पत्ते असतील तर काढून टाका. फॉन्ट, हॅच पॅटर्न (क्षेत्र भरायचा रेघांचा नमुना), लाइनटाइप (रेषेचा प्रकार) यांसाठी प्रोग्राम त्या मार्गांवरून फिरतो आणि मेलेल्या ड्राइव्हपाशी खोळंबतो.

फाइलच्या आतला कचरा

इथे घाई नको. क्रमही पाळा: ऑडिट (फाइलमधल्या चुका शोधणारी कमांड), पर्ज, पुन्हा ऑडिट.

ऑडिट आधी का? आतल्या नोंदींचे दुवे तुटलेले असले की पर्जला वाटतं ती वस्तू वापरात आहे, आणि तो तिला हात लावत नाही. ऑडिटला चुका दुरुस्त करायच्या का विचारल्यावर हो म्हणा. किती चुका सापडल्या ते एफ-२ दाबून वाचा. दुसऱ्या ऑडिटला आकडा शून्यावर आला पाहिजे. दर वेळी तेवढ्याच चुका परत येत असतील तर फाइल ऑडिटच्या आवाक्याबाहेर गेलीय, पुढे 'फाइल उघडतच नाही' हा भाग वाचा.

पर्ज करताना आत गुंतलेल्या वस्तूंचा पर्याय चालू ठेवा. ब्लॉकच्या (एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या संचाच्या) आत ब्लॉक असला की बाहेरचा निघाल्याशिवाय आतला निघत नाही. हा पर्याय नसेल तर यादी रिकामी होईपर्यंत पर्ज पुन्हा पुन्हा चालवा. यादीत ए, डॉलर, सी या तीन चिन्हांनी सुरू होणारी आणि पुढे अर्थहीन अक्षरं असलेली ब्लॉकची नावं दिसली तर समजा, कुणीतरी 'पेस्ट ॲज ब्लॉक' सढळ हाताने वापरलंय. २०२० पासूनच्या आवृत्त्यांत पर्ज न होणाऱ्या वस्तूंची यादीही बघता येते आणि त्या का निघत नाहीत तेही कळतं. तिचा उपयोग करा.

एक सांभाळा. ऑफिसच्या टेम्प्लेटवर सरसकट पर्ज चालवू नका. तिथे लेयर, डायमेन्शन स्टाइल, टेक्स्ट स्टाइल वापरात नसतानाही मुद्दाम ठेवलेले असतात, ते सगळे उडतील.

आता साध्या पर्जच्या खिडकीत न दिसणाऱ्या तीन गोष्टी. माझ्या अनुभवात खरं वजन बहुधा इथेच असतं.

पहिली, रेगअ‍ॅप. एखादा प्रोग्राम किंवा लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा जोड-प्रोग्राम) ड्रॉइंगमधल्या वस्तूंना स्वतःची माहिती चिकटवतो, तेव्हा आधी आपलं नाव फाइलमध्ये नोंदवतो. वस्तू पुसल्या तरी नाव राहतं, सामान हललं तरी खोक्यावरची चिठ्ठी राहावी तसं. अशी नावं हजारोंनी साठतात आणि एक्सरेफ व पेस्टबरोबर फाइलीफाइलींत पसरतात. काढायची पद्धत अशी: पर्जच्या आधी वजाचं चिन्ह देऊन कमांड टाइप करा, म्हणजे खिडकी न उघडता ती कमांड लाइनवर चालते. पर्याय विचारला की रेगअ‍ॅप्ससाठी आर द्या, नावांना तारांकन ठेवून एंटर करा, प्रत्येक नावाला खात्री करायची का म्हटलं की नको म्हणा. ओळी भराभरा वर सरकताना दिसल्या तर दुखणं सापडलं.

दुसरी, डीजीएन (दुसऱ्या एका कॅड प्रोग्रामच्या) फाइलमधून आलेले लाइनटाइप. कधीतरी कुणीतरी डीजीएन ड्रॉइंग आयात केलेलं असतं आणि त्याच्याबरोबर आलेली लाइनटाइपची माहिती मागे राहते. खूण पक्की आहे: छोटीशी वस्तू दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट केली आणि त्या ड्रॉइंगचं वजन एकदम कित्येक एमबीने वाढलं. कंट्रोल-सीला गोठणं हेही याचंच लक्षण असतं. साधा पर्ज यापुढे हात टेकतो. नव्या आवृत्त्यांत पर्जच्या खिडकीत अनाथ माहिती आपोआप काढण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. त्याआधी त्या लाइनटाइपवर असलेल्या रेषा दुसऱ्या लाइनटाइपवर न्या, नाहीतर ते वापरात म्हणून राहतील.

तिसरी, स्केलची यादी. स्केललिस्टएडिट कमांड द्या. यादीत त्याच त्या स्केलपुढे एक्सरेफ असं शेपूट लागलेल्या नोंदींची रांग असेल तर रीसेट दाबा. वापरातली आणि प्रोग्रामची मूळ स्केल राहतात, बाकीची जातात. प्रॉपर्टीज पॅनल किंवा व्ह्यूपोर्टचं (लेआउटमधल्या ड्रॉइंगच्या खिडकीचं) स्केल निवडताना होणारा उशीर यानेच बऱ्याचदा जातो.

एवढं झाल्यावर नव्या नावाने सेव्ह करा आणि आकार पुन्हा बघा. अपेक्षेएवढा उतरला नाही तर आयसेव्हपर्सेंट हे व्हेरिएबल ० करून सेव्ह करा. मुळात ते ५० असतं. म्हणजे वेळ वाचवण्यासाठी प्रोग्राम प्रत्येक सेव्हला फाइल पुरती नव्याने लिहीत नाही, थोडी वाया गेलेली जागा चालवून घेतो. ० केलं की प्रत्येक सेव्ह पूर्ण होतो. आकार मोजून झाला की परत ५० करा, नाहीतर रोजचा सेव्ह रेंगाळेल.

कचरा नाही, पण रेषाच फार

कंट्रोल-एचा आकडा लाखांत होता? मग कोणत्या लेयरवर भार आहे ते शोधा. अर्धे लेयर फ्रीझ करा. हलकं झालं तर दोष फ्रीझ केलेल्या अर्ध्यात, नाही झालं तर उरलेल्यांत. त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करा. थोड्या फेऱ्यांत एका लेयरवर येता. फ्रीझच करायचं, ऑफ नाही. ऑफ केलेल्या लेयरवरच्या वस्तू दिसत नाहीत, पण रीजेनच्या (ड्रॉइंग पडद्यावर नव्याने आखण्याच्या) वेळी प्रोग्राम त्यांचा हिशोब करतोच. फ्रीझ केलेल्यांचा करत नाही.

बहुतेकदा अपराधी हॅच निघतो. मोठ्या क्षेत्रावर इतक्या बारीक स्केलचा पॅटर्न लावलेला असतो की तो छापल्यावर सपाट काळपटच दिसणार, पण आत त्याच्या असंख्य रेघा असतात. पडताळणी सोपी: फिल कमांड ऑफ करा, मग रीजेन. हॅच नाहीसे होतात. ड्रॉइंग पळायला लागलं तर पॅटर्नचं स्केल वाढवा किंवा सॉलिड भरा. मोडलेला म्हणजे एक्सप्लोड केलेला हॅच याहून वाईट, कारण त्याच्या प्रत्येक रेघेची वेगळी वस्तू झालेली असते. तो पुसून नव्याने भरणं हाच मार्ग.

एकावर एक बसलेल्या रेषांसाठी ओव्हरकिल आहे. पण त्याच्या खिडकीत एका सरळ रेषेतल्या, टोकाला टोक लागलेल्या रेषा जोडण्याचा पर्याय सुरुवातीपासून चालू असतो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये पाइपचे तुकडे किंवा पॅनलच्या कडा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या असतील, लांबी किंवा नग मोजायचे असतील, तर तो पर्याय काढा. नाहीतर बारा तुकड्यांची एक लांब रेषा होईल आणि नगांची मोजणी चुकेल. रंग किंवा लेयरकडे दुर्लक्ष करण्याचे पर्यायही विचार करूनच चालू करा.

ड्रॉइंगखाली पीडीएफ अंडरले ठेवून वर काम करत असाल आणि त्याच्यावरून कर्सर जाताना अडखळत असेल, तर पीडीएफओस्नॅप ० करा. पीडीएफमधल्या प्रत्येक वेड्यावाकड्या टोकावर स्नॅप (कर्सर चिकटायची जागा) शोधायचं काम थांबतं. फरक लगेच हाताला जाणवतो.

आणि ठिपक्याएवढं होणारं ड्रॉइंग. याची दोन कारणं असतात आणि दोन्ही वेगळी हाताळावी लागतात. एक म्हणजे कुठेतरी दूर सुटलेली एखादी रेष किंवा रिकामा टेक्स्ट. सगळे लेयर थॉ (फ्रीझ उठवणं) आणि अनलॉक करा, सगळं निवडा, शिफ्ट धरून मुख्य ड्रॉइंगभोवती खिडकी ओढून ते निवडीतून वगळा. उरलं ते काय आहे ते प्रॉपर्टीजमध्ये पाहा आणि मगच पुसा.

दुसरं कारण सर्वेक्षणाचे कोऑर्डिनेट. ऑटोकॅड आकडे दुहेरी अचूकतेने ठेवतो, म्हणजे एकूण १५-१६ अंक. यूटीएम या सर्वेक्षणाच्या कोऑर्डिनेट पद्धतीतलं उत्तरेचं अंतर मीटरमध्ये सात अंकांपर्यंत जातं, तेच मिलिमीटरमध्ये दहा. दशांशानंतरची जागा तेवढी घटते. पडद्यावर दाखवताना ग्राफिक्स कार्ड पुष्कळदा एकेरी अचूकतेने, सुमारे ७ अंकांत काम करतं. म्हणून शून्यापासून फार दूर गेलं की वर्तुळं खडबडीत दिसतात, हॅच भरत नाही, रेषा थरथरतात. अशा वेळी ड्रॉइंग उचलून शून्यावर आणायचा मोह होतो. तो आवरा. ते कोऑर्डिनेट रस्ते, पाइपलाइन, हद्दी यांच्याशी जुळलेले असतात. सर्वेक्षणाची फाइल जशीच्या तशी ठेवा, आपलं काम शून्याजवळ वेगळ्या फाइलमध्ये करा आणि एका ज्ञात बिंदूवरून एक्सरेफने जोडा. कोणता बिंदू, किती सरकवला, किती फिरवला, हे ड्रॉइंगवरच लिहून ठेवा.

कोऱ्या ड्रॉइंगमध्येही अडखळतंय

ग्राफिक्सकॉन्फिग कमांड द्या आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. कर्सर सुधारला तर ड्रायव्हरचा दोष. कार्ड बनवणाऱ्यांकडूनच नवा ड्रायव्हर घ्या आणि ॲक्सिलरेशन परत चालू करा. ते कायम बंद ठेवणं हा इलाज नाही. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कॅडला ताकदीची चिप मिळतेय का तेही बघा.

मग लिस्प. ॲपलोडमधल्या स्टार्टअप सूटमध्ये काय काय आपोआप चढतंय ते वाचा. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये तुम्ही न ठेवलेली अकॅडडॉक नावाची लिस्प फाइल किंवा अकॅड नावाची एफएएस, व्हीएलएक्स फाइल दिसली तर सावध व्हा. ही अफवा नाही. २०१२ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने मेड्रे नावाचा असा किडा उघड केला होता. तो मुख्यतः पेरू देशात पसरला होता आणि लोकांची ड्रॉइंग ईमेलने बाहेर पाठवत होता. साधे प्रकार कमांडची वागणूक बदलतात आणि प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःची प्रत टाकतात. काही ऑफिसांत अकॅडडॉक ही मुद्दाम बनवलेली, कामाची फाइलही असते. म्हणून पुसू नका, नाव बदलून ठेवा, प्रोग्राम पुन्हा सुरू करा आणि जबाबदार व्यक्तीला विचारा. सिक्युअरलोड ० वर असेल तर १ करा, म्हणजे विश्वासू फोल्डरबाहेरचं काही चढण्याआधी प्रोग्राम विचारेल.

एवढ्यानेही भागलं नाही तर स्टार्ट मेनूतलं 'रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट'. त्याआधी तुमच्या मेनू, टूल पॅलेट आणि शॉर्टकटच्या फाइली एक्सपोर्ट करून ठेवा. प्रोग्राम काढून पुन्हा टाकणं याच्याही नंतर. मशीनचा विचार करायचाच असेल तर लक्षात घ्या की द्विमितीय कामात ऑटोकॅड बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो. कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग इथे जास्त कामाचा.

फाइल उघडतच नाही

फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडा. प्रतच, आणि सेव्ह न करता बंद करा. पहिली सहा अक्षरं वाचा. एसी१०३२ म्हणजे २०१८ चा फॉरमॅट, एसी१०२७ म्हणजे २०१३ चा, एसी१०२४ म्हणजे २०१० चा, एसी१०२१ म्हणजे २००७ चा. 'ड्रॉइंग फाइल इज नॉट व्हॅलिड' असा संदेश येणारी फाइल कित्येकदा ठणठणीत असते, तुमची आवृत्ती तेवढी जुनी असते. पाठवणाऱ्याला जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायला सांगा, संपलं.

अक्षरं बरोबर आहेत तर कोरं ड्रॉइंग उघडून रिकव्हर कमांडने ती फाइल निवडा. एक्सरेफसकट दुरुस्ती हवी असेल तर रिकव्हरऑल. तेही अडलं तर कोऱ्या ड्रॉइंगमध्ये ती इन्सर्ट करून बघा. इन्सर्टने फक्त मॉडेल स्पेस येतं, लेआउट नाहीत. ते लेआउटच्या टॅबवर उजवं क्लिक करून 'फ्रॉम टेम्प्लेट'ने वेगळे आणावे लागतात. आल्यावर एक ओळखीचं माप घ्या. दोन फाइलींची एककं वेगळी असतील तर ड्रॉइंग २५.४ पट किंवा १००० पट होऊन बसतं.

पहिल्या सहा अक्षरांच्या जागी नुसती रिकामी चिन्हं आहेत, किंवा फाइलचा आकार ० आहे, तर थांबा. आत ड्रॉइंगच नाही. कोणतीही कमांड ते परत आणणार नाही. बॅक फाइल, ऑटोसेव्ह, सर्व्हरचा बॅकअप एवढंच शोधा.

परत येऊ नये म्हणून

बाहेरून आलेलं ड्रॉइंग थेट आपल्या फाइलमध्ये पेस्ट करायचं नाही. आधी ते वेगळं उघडा, ऑडिट, पर्ज, रेगअ‍ॅप, स्केलची यादी हे उरका आणि मग एक्सरेफ म्हणून जोडा. त्यातलं थोडंच हवं असेल तर तेवढंच डब्ल्यूब्लॉकने वेगळ्या फाइलमध्ये काढा.

मग ऑफिसची टायटल ब्लॉकची फाइल, ब्लॉकचा संग्रह आणि टेम्प्लेट तपासा. टेम्प्लेटमधून रेगअ‍ॅप आणि अनाथ माहिती काढा, लेयर राहू द्या. जुन्या प्रोजेक्टची फाइल 'सेव्ह ॲज' करून नवा प्रोजेक्ट सुरू करण्याची पद्धत कुठे असेल तर ती बंद करा. एका फाइलचा कचरा अख्ख्या ऑफिसभर याच वाटेने जातो, आणि काही दिवसांनी परत येणाऱ्या दुखण्याचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलंय.

इथे थांबा, मदत घ्या

डिस्कमधून आवाज येतोय किंवा ड्रॉइंगशिवाय इतर फाइलीही खराब निघतायत: मशीन बंद करा. त्या डिस्कवर आणखी काही लिहू नका. डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. तुम्ही चालवलेलं प्रत्येक रिकव्हरी सॉफ्टवेअर उरलेल्यावर लिहू शकतं.

ऑफिसमधल्या सगळ्यांना एकाच दिवसापासून त्रास सुरू झालाय: सर्व्हर, परवाना किंवा अपडेट यांचा विषय आहे. सिस्टिम सांभाळणाऱ्यांना कळवा, प्रत्येकाने आपापलं काही बदलत बसू नका.

ड्रॉइंगमध्ये सिव्हिल किंवा आर्किटेक्चरच्या खास आवृत्तीतल्या प्रॉक्सी वस्तू (तुमच्या प्रोग्रामला पुरत्या न कळणाऱ्या) आहेत: त्या मोडू नका. ज्याने बनवल्या त्याच्याकडून साध्या ऑटोकॅड वस्तूंमध्ये एक्सपोर्ट करून मागवा. तुमच्याकडे एक्सप्लोड केल्या तर माहिती जाईल आणि काय गेलं ते कळणारही नाही.

सही होऊन बाहेर गेलेलं, करारातलं ड्रॉइंग: त्यावर पर्ज, ओव्हरकिल, काहीही चालवू नका. ज्याची सही आहे त्यालाच विचारा.

आणि रिकव्हर, इन्सर्ट दोन्ही फसले, तरी सहा अक्षरं शाबूत आहेत: फाइल प्रोग्रामच्या अधिकृत सपोर्टकडे पाठवायची वेळ आली. तेव्हा हे सोबत द्या. प्रोग्रामची पूर्ण आवृत्ती आणि अपडेटचा क्रमांक, अबाउटच्या खिडकीत असतो. ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरची तारीख. एफ-२ दाबून दिसणारा मजकूर, फोटो नको, कॉपी केलेला. कोणत्या कृतीनंतर कोसळतं ते पायरीपायरीने. कोऱ्या ड्रॉइंगमध्ये आणि दुसऱ्या मशीनवर काय झालं ते. ड्रॉइंग दुसऱ्या मशीनवर उघडत असेल तर तिथून ईट्रान्समिटने पाठवा, म्हणजे फॉन्ट, एक्सरेफ, प्लॉट स्टाइल सगळं एका झिपमध्ये जातं. कुठेच उघडत नसेल तर मूळ फाइल, बॅक फाइल आणि एक्सरेफ हाताने गोळा करून द्या, आणि तुम्ही दुरुस्ती करून पाहिलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.